लिव्हर डिटॉक्स अँटिऑक्सिडंट कॅप्सूल: आधी मागचं लेबल वाचा

पाचपैकी दोन स्टार. पॅकिंग छान, सील नीट होतं, एक्स्पायरी लांबची आहे, कॅप्सूल गिळायला सोपी आहे, डिलिव्हरीबद्दलही काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती लेबलबद्दल, आणि ती जरा सविस्तर लिहितेय कारण मी फार्मकॉलॉजी शिकलेय आणि औषध पोटात गेल्यावर त्याचं पुढे काय होतं हाच माझा आवडता विषय. बाटली मामांनी मागवली, त्यांना प्रेशरची आणि कोलेस्टेरॉलची गोळी रोज असते, म्हणून सुरू करायच्या आधी त्यांनी मला विचारलं हे बरं केलं.

आत काय काय आहे तर सिलिमारिन (मिल्क थिसल या झाडाच्या बियांचा अर्क), एनएसी म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन, ग्लुटाथायोन (आपलं शरीर स्वतःच बनवतं तो अँटिऑक्सिडंट), ग्रीन टीचा अर्क, हळदीचा अर्क, त्याच्या जोडीला मिरीतलं पायपरिन, व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन. आणि या सगळ्याचं मिळून "प्रोप्रायटरी ब्लेंड ७५० मिलिग्रॅम" एवढंच छापलंय, कुठलं किती ते कुठेच नाही. मला यात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. टॉक्सिकॉलॉजीत, म्हणजे विषांच्या अभ्यासात, पहिला प्रश्न डोसचा असतो, आणि तोच इथे गाळलाय.

समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात "शरीरातील टॉक्सिन्स बाहेर काढते" असं आहे. कुठली टॉक्सिन्स? एकाचंही नाव नाही. लिव्हरमध्ये कचरा साचून राहतो आणि मग तो कोणीतरी येऊन साफ करायचा असतो, असं काही नसतं. तिथे चोवीस तास केमिस्ट्री चालू असते, सायटोक्रोम पी४५० नावाची एन्झाइम्स औषधाच्या रेणूत आधी बदल करतात, मग दुसरी एन्झाइम्स त्याला ग्लुक्युरोनिक ॲसिड, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन जोडतात, म्हणजे तो पाण्यात विरघळतो आणि लघवीतून नाहीतर पित्तातून निघून जातो. काही औषधं पहिली पायरी गाळून थेट दुसरीवरच जातात. पण गंमत म्हणजे पहिल्या पायरीवर कधीकधी मूळ औषधापेक्षा जास्त घातक पदार्थ तयार होतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पॅरासिटामॉल, आणि ते समजलं की या बाटलीतलं निम्मं आपोआप समजतं. नेहमीच्या डोसमध्ये बहुतेक पॅरासिटामॉल ग्लुक्युरोनाइड आणि सल्फेट होऊन निमूट बाहेर जातं, थोडासाच भाग, साधारण ५ ते १० टक्के, सीवायपी२ई१ या एन्झाइममुळे एनएपीक्यूआय नावाच्या अतिशय रिॲक्टिव्ह पदार्थात बदलतो आणि लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडतं, त्यामुळे आपल्याला काही कळतही नाही. ओव्हरडोस झाला की सल्फेटचा रस्ता तुंबतो, एनएपीक्यूआय जास्त बनतं, ग्लुटाथायोन संपत येतं, मग उरलेलं एनएपीक्यूआय लिव्हरच्या प्रोटीन्सना चिकटतं आणि पेशी मरायला लागतात. हे कोडं अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७३ च्या सुमाराला सोडवलं. उंदरांना आधीच ग्लुटाथायोन कमी करणारं केमिकल दिलं तर लिव्हरचं नुकसान वाढतं आणि सिस्टीन (ग्लुटाथायोन बनवायला लागणारं अमिनो ॲसिड) पुरवलं तर लिव्हर वाचतं, हे त्यांनी दाखवलं, आणि त्याच विचारातून पुढे एनएसी हा उतारा म्हणून वापरात आला. मला अजूनही हे काम वाचताना भारी वाटतं, एका विषबाधेचा पुरा रस्ता शोधला आणि त्याच रस्त्यावर औषध सापडलं!

म्हणजे एनएसी खरंच कामाचं आहे, एक स्टार त्याचाच. पण हॉस्पिटलमध्ये शिरेतून देतात तो नेहमीचा कोर्स २१ तासांत किलोमागे ३०० मिलिग्रॅमचा, ६० किलोच्या माणसाला १८ ग्रॅम, आणि तो ओव्हरडोसनंतर ८ तासांच्या आत सुरू झाला तर सगळ्यात जास्त फायदा. ७५० मिलिग्रॅमच्या मिश्रणात बाकी सात घटकांसोबत कोंबलेल्या एनएसीला त्या कामाचं श्रेय कसं देता येईल? आणि पॅरासिटामॉल जास्त गेलं असेल तर कॅप्सूल शोधत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा, त्रास होत नसला तरी जा, कारण पहिल्या दिवशी माणूस ठीक दिसू शकतो.

ग्लुटाथायोन तोंडावाटे घेतलं की बराचसा भाग आतड्यातच तुटतो. सिलिमारिनबद्दल सांगायचं तर विषारी मशरूमच्या विषबाधेत युरोपात सिलिबिनिन (सिलिमारिनमधला मुख्य घटक) शिरेतून वापरतात हे खरं, पण हिपॅटायटिस सीच्या पेशंट्सवर २०१२ मध्ये जी ट्रायल छापून आली तिच्यात रोज तीन वेळा ७०० मिलिग्रॅमपर्यंत सिलिमारिन देऊनही एएलटीत (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, फरक पडला नाही.

आता बीटा कॅरोटीन. हे घटक म्हणून टाकलंय आणि स्मोकर्ससाठी वॉर्निंग नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष स्मोकर्सवर ट्रायल झाली होती, १९९४ मध्ये रिझल्ट आला, रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये लंग कॅन्सर कमी व्हायचा सोडून १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी ट्रायल १९९६ मध्ये २१ महिने आधीच थांबवावी लागली. व्हिटॅमिन ईचं पण तेच, रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त दिसला, हे २०११ मध्ये छापून आलं. फ्री रॅडिकल (पटकन रिॲक्ट होणारे अस्थिर रेणू) म्हणजे शत्रू आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे मित्र इतकं सोपं ते नाहीच, पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच ऑक्सिजनचे रॅडिकल वापरतात आणि पेशी एकमेकींना सिग्नल द्यायलाही वापरतात.

ग्रीन टीच्या अर्काबद्दल युरोपच्या फूड सेफ्टी संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की सप्लिमेंटमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य अँटिऑक्सिडंट) गेलं तर लिव्हर एन्झाइम्स वाढू शकतात. लिव्हरसाठी म्हणून विकलेल्या बाटलीवर ईजीसीजी किती आहे तो आकडा नसावा?

आणि मामांसाठी खरा मुद्दा पायपरिनचा. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फार कमी पोचतं, पायपरिन जोडलं की कितीतरी पटीने जास्त पोचतं, १९९८ च्या अभ्यासात २० पट आलं होतं, आणि हे होतं कारण पायपरिनमुळे ग्लुक्युरोनिक ॲसिड जोडण्याचं काम मंदावतं. पण ते फक्त हळदीसाठी थांबेल आणि बाकी गोळ्यांना सोडेल असं कसं होईल, प्रोप्रॅनोलॉल (प्रेशरचं औषध) आणि थिओफिलिनची (दम्याचं औषध) रक्तातली पातळी त्याने वाढलेली माणसांवरच्या अभ्यासात दिसलीय. शिवाय हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेल्या पेशंट्सचे रिपोर्ट आहेत आणि त्यातल्या काहींमध्ये पायपरिन होतं. मामांना मी नको म्हणाले, आणि डॉक्टरांना बाटली दाखवा असं सांगितलं.

कस्टमर केअरला प्रत्येक घटकाचं प्रमाण विचारलं तर "आमचा फॉर्म्युला गोपनीय आहे, पूर्णपणे नॅचरल आहे" असं उत्तर आलं. दुसरा स्टार त्यांनी लवकर उत्तर दिलं आणि न उघडलेली दुसरी बाटली परत घेतली त्यासाठी.

ज्यांनी आधीच सुरू केलीय त्यांनी रोजच्या सगळ्या गोळ्यांच्या यादीत हिचंही नाव लिहा, ऑपरेशन असेल तर आधी सांगा, आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा खूप थकवा मळमळ वाटली तर कॅप्सूल बंद करून बाटली घेऊनच डॉक्टरकडे जा, कारण आत काय आहे हे त्यांना लेबलवरूनच कळणार आहे, जेवढं छापलंय तेवढं तरी.