द्राक्षाच्या पानातली अमिनो आम्लं: निनहायड्रिन की एचपीएलसी?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी निफाड किंवा दिंडोरीच्या बागेतली पानं तपासणार असाल, तर यंत्र ठरवण्याआधी प्रश्न ठरवा. मुक्त (प्रथिनांत न गुंफलेली) अमिनो आम्लं एकूण किती आहेत एवढंच हवंय, की कोणतं किती हेही?

एकूण आकडा पुरेसा असेल तर निनहायड्रिन, म्हणजे अमिनो आम्लांशी रंग देणारं रसायन. पान ८०% इथेनॉलमध्ये घोटायचं, अर्कात निनहायड्रिन घालून तापवायचं आणि जांभळा रंग ५७० नॅनोमीटरला वाचायचा. खर्च कमी, एका दिवसात भरपूर नमुने होतात. पण अमोनियाही हाच रंग देतो, त्यामुळे नुकताच युरिया दिलेल्या बागेचा आकडा जपून वाचावा. शिवाय प्रोलीन या अमिनो आम्लाचा रंग पिवळा येतो, तो ५७० ला जवळजवळ दिसतच नाही.

आणि पाण्याच्या ताणाचा अभ्यास असेल तर प्रोलीनच तर हवं असतं, कारण ताणात पानात तेच साठतं! त्यासाठी बेट्स यांची १९७३ सालची पद्धत घ्या: ३% सल्फोसॅलिसिलिक आम्लात अर्क, आम्लयुक्त निनहायड्रिनसोबत १०० अंशांवर तासभर, मग टोल्युइनमध्ये रंग उतरवून ५२० ला वाचन. एप्रिल छाटणीनंतरच्या उन्हाळ्यातल्या बागेसाठी मी डोळे झाकून हीच सुचवेन. टोल्युइन मात्र फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) हाताळा.

एचपीएलसी हे अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं तंत्र; तिच्यात ग्लुटामिन, आर्जिनीन, अलानीन ही अमिनो आम्लं वेगवेगळी मोजता येतात. नत्र वेलीत कोणत्या रूपात साठतंय हे पाहायचं असेल तर या दोन्हींत तीच हवी. पण अमिनो आम्लं यंत्राला दिसावीत म्हणून त्यांना आधी एखादं रसायन जोडावं लागतं; त्यात नुसतं ओपीए वापरलं तर प्रोलीन इथेही निसटतं, त्यासाठी एफमॉक हे दुसरं रसायन जोडावं लागतं. ओपीएची संयुगं टिकतही नाहीत, म्हणून मिसळण्यापासून इंजेक्शनपर्यंतची वेळ प्रत्येक नमुन्याला तीच ठेवावी लागते. बाहेरून करून घ्यायचं तर दर नमुन्यामागे पैसे, आणि मग विद्यार्थी पुनरावृत्ती (म्हणजे वेगवेगळ्या वेलींवरचे नमुने) कमी करतात. तसं करायची वेळ आली तर एचपीएलसी सोडून द्या. एकेका पानावरचा सुंदर आलेख काहीच सिद्ध करत नाही.

खरी गफलत दोन्हीकडे बागेतच होते. तोडलेलं पान प्लास्टिकच्या पिशवीत नाशिकपर्यंत आणलं, तर वाटेत प्रथिनं फुटत राहतात, पान कोमेजतं आणि मुक्त अमिनो आम्लं वाढतात. द्रवरूप नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ मिळवा. तोही नसेल, तर पान बागेतच वजन करून थेट थंड इथेनॉलमध्ये टाका, प्रोलीनसाठी सल्फोसॅलिसिलिक आम्लात. सगळ्या वेलींवरून एकाच पेऱ्यावरचं पान, एकाच वेळी घ्या.