अकरा महिने रोज फ्रेंच: नागपुरातून, एकटीनं

आमच्या मिठाच्या बरणीवर गेले अकरा महिने ‘ल सेल’ अशी चिठ्ठी आहे. साखरेवर ‘ल स्युक्र’, कणकेच्या डब्यावर ‘ला फारीन’. पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, “हे काय लावून ठेवलं जी ताई? कोणी काही करून गेलं का घरावर?” फ्रेंच शिकून राहिले म्हटल्यावर त्यांनी जे विचारलं तेच नंतर झाडून सगळ्यांनी विचारलं: काहून?

कारण काही फार थोर नाही. मुलीनं सहावी ते आठवी फ्रेंच घेतलं आणि नववीत मार्कांचा हिशोब करून संस्कृतकडे वळली. पुस्तकं नवीकोरी पडली होती. रद्दीत टाकायच्या आधी चाळली आणि अडकले. मी चव्वेचाळीस वर्षांची, एका कंपनीत हिशोब बघते, कडबी चौक ते खापरी रोज मेट्रोनं जाते. ना कॅनडाला जायचंय, ना नोकरी बदलायची. रोज चाळीस मिनिटं, त्यातली बरीचशी मेट्रोत. बुडालेले दिवस वजा जाता साधारण दोनशे तास झाले.

नागपुरात फ्रेंच म्हणजे हसायची गोष्ट वाटते, पण शोधायला गेलं तर हे शहर फ्रान्सला बरंच बांधलेलं आहे. मी जिच्यात बसून अभ्यास करते त्या मेट्रोसाठी फ्रान्सच्या विकास संस्थेनं १३ कोटी युरोचं कर्ज दिलं. नळाचं पाणी २०१२ पासून ज्या कंपनीकडे आहे तिच्यात व्हेओलिया ही फ्रेंच कंपनी भागीदार. मिहान या औद्योगिक वसाहतीत दासो आणि रिलायन्सचा कारखाना आहे, आणि फाल्कन २००० हे अख्खं विमान तिथे जुळवायची घोषणा २०२५ मध्ये झाली. (आपण सगळे डसॉल्ट म्हणतो. शेवटचे एल आणि टी फक्त लिहायला.) सदरच्या एसएफएस, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळेच्या नावातला संत तर मुळात फ्रांस्वा द साल, त्याच्या नावाचा मिशनरी संघ १८३८ साली फ्रेंच भाषेच्या आनसी गावात सुरू झाला. एवढं सगळं असून अकरा महिन्यांत फ्रेंच बोलणारं एकही माणूस मला या गावात भेटलं नाही. हा या प्रकारातला सगळ्यात मोठा तोटा, त्याच्याकडे पुढे येते.

पहिले चार महिने जवळजवळ वाया गेले, असं आता म्हणते. एक अ‍ॅप घेतलं होतं, नाव सांगत नाही. रोज हजेरी लागते, आगीचं चित्र पेटतं, शाबासकी मिळते. माझी १४३ दिवस सलग हजेरी होती. मुलगा सफरचंद खातो, मुलगी पाणी पिते, मांजर काळी आहे. १४४ व्या दिवशी आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र लावलं, तर ‘बोंझूर’ आणि देशांची नावं एवढंच कळलं. मग घाबरून शनिवार-रविवारचा एक ऑनलाइन क्लास लावला. सहा हजार गेले. बाई चांगल्या होत्या, पण पडद्यावरच्या पाट्या इंग्रजीतून वाचून दाखवायच्या, आणि चाळीस जणांत माझी बोलायची पाळी दोन आठवड्यांतून एकदा यायची.

गाडी रुळावर आली ती जेवणाच्या टेबलावर. मुलगी संधी पाठ करत होती: जगत् अधिक ईश, जगदीश. शेवटचा कठोर त्, पुढे स्वर आला की मऊ द् होतो. माझ्यासमोर होतं ‘ले’ अधिक ‘आमी’, म्हणजे मित्रमंडळी. ‘ले’च्या शेवटी एक एस असतो, एरवी मुका. पुढे स्वर आला की तो जागा होतो, आणि झ होऊन जागा होतो: लेझामी. तेच की! ‘वू’ आणि ‘आव्हे’चं वूझाव्हे. चार महिने मी याला ‘अपवाद’ म्हणून घोकत होते, कारण इंग्रजी पुस्तकात त्याला एक लांबलचक नियम होता. मुलीनं एक उलटं उदाहरणही शोधून काढलं: ‘ग्राँ’ म्हणजे मोठा, त्याच्या शेवटी मुका डी, पण ‘ग्राँ आमी’ म्हणताना तो मऊ डी कठोर होऊन ग्राँतामी होतं. “मग हे संस्कृतवाले नाहीत,” असा निकाल तिनं दिला.

त्या रात्री मी मधली इंग्रजी काढून टाकायचं ठरवलं. वहीची दोन भागांत घडी घातली, डावीकडे फ्रेंच, उजवीकडे मराठी, तीही आपल्या घरातली मराठी. मला जे काही सांगायचंय ते बहुतेक याबद्दलच आहे.

भूतकाळ घ्या. इंग्रजीतून शिकताना सर्वांत जास्त डोकं इथे फुटतं. फ्रेंचमध्ये जाणं, येणं, निघणं, पोचणं, जन्मणं, मरणं अशा क्रियापदांना मदतीला ‘असणं’ लागतं आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. गेला, गेली. यात आपल्याला नवीन ते काय? बाकीच्यांना ‘जवळ असणं’ लागतं आणि तिथे कर्त्याचं लिंग चालत नाही. कर्म आधी आलं तर त्याचं चालतं. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना शेवटी एक्रीत्, ‘मी लिहिलेलं पुस्तक’ म्हणताना एक्री. इंग्रजी पुस्तकात यावर तीन पानं आणि एक उद्गारचिन्ह होतं. मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, असं दोन वर्षांच्या पोराला न शिकवता बोलता येतं आपल्याकडे. सगळं जुळत नाही हेही खरं. झोपणं आणि धावणं तिकडे ‘जवळ असणं’वाल्यांत जातात, म्हणजे ‘मी झोपले’ला कर्त्याप्रमाणे बदल नाही. पण जिथे जुळत नाही तेवढंच पाठ करायचं राहतं, आणि ते थोडं असतं.

आमच्या नागपुरी बोलीतलं ‘करून राहिलो’ तर माझं आवडतं. पुण्याची नणंद मला आयुष्यभर यावरून चिडवत आली: “काय गं, जेवून राहिली म्हणजे जेवून झाल्यावर मागे राहिली का?” फ्रेंचमध्ये साधा वर्तमानकाळ ‘जेवतो’ आणि ‘जेवतोय’ दोन्हीला चालतो, पण ह्या क्षणी चाललंय असं ठासून सांगायचं असेल तर ‘एत्र आं त्रँ द’ वापरतात. ज स्वी आं त्रँ द मांझे. मी जेवून राहिले. माझ्या वहीत उजवीकडे असंच लिहिलंय, शुद्धलेखनवाल्यांची क्षमा मागून.

आणि ‘की’. “आली नाहीस का?” “आले की!” हा जो नकाराला उलटून टाकणारा होकार आहे, त्याच्यासाठी फ्रेंचमध्ये वेगळा शब्द आहे: ‘सी’. नुसतं ‘वी’ म्हटलं तर समोरचा बुचकळ्यात पडतो. ‘आपण’लाही जोडीदार आहे, ‘ओं’. चला, आपण जाऊ: ओं नी व्हा. आपण असं बोलू नये, यातला कोणीच-नसलेला आपण, तोही ओं. तू आणि तुम्हीबद्दल तर बोलायलाच नको.

आकड्यांत मात्र आजीनं तारलं. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. सगळे याला हसतात. माझी काटोलकडची आजी विसांत मोजायची: तीन विसा न् दहा, चार विसा. ती फ्रान्सला गेली असती तर बाजारहाट तिला जमला असता. कळणं सोपं झालं, ऐकणं नाही. तिकडे फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात. ‘स्वासांत’ ऐकलं की पेन ६ लिहून मोकळं होतं, आणि मग मागून ‘काँझ’ येतं, म्हणजे ते पंच्याहत्तर होतं. माझ्या वह्यांत खोडलेल्या सहांची रांग आहे.

लिंगाच्या बाबतीत मराठीचा फायदा अर्धाच. वस्तूला लिंग असतं याचं आश्चर्य वाटत नाही, एवढाच. चहा तिकडेही तो, किल्ली तिकडेही ती, खिडकीही ती. पण साखर तो, चंद्र ती. ‘स्यों’नं संपणारे शब्द ती, ‘माँ’नं संपणारे बहुतेक तो, असे ठोकताळे कामाला येतात. चिठ्ठ्या त्यासाठीच लावल्या. एक मजेची बाब: पोर्तुगीजांकडून मराठीत आलेल्या शब्दांची चुलत भावंडं इथे भेटतात. अननस तिकडे अनानास, काजू काझू, अलमारी आर्म्वार.

आता उच्चार. देवनागरी येते म्हणून आपण उच्चारात पुढे आहोत हा भ्रम मी दोन महिने बाळगला. सगळे शब्द देवनागरीत लिहायचे आणि मग देवनागरीच वाचायचे. ‘व्हँ’, ‘व्हां’ आणि ‘व्हों’ यांत वाइन, वारा आणि ‘जातात’ एवढा फरक आहे. माझ्या तोंडून तिन्ही ‘व्हॉन’ निघायचे. (त्यात वीस आणि वाइन एकच उच्चार.) शिवाय ‘ऊ’ दोन आहेत. जिभेनं ई म्हणायची आणि ओठांनी ऊ, तो एक. आपला साधा ऊ, तो दुसरा. ‘द स्यू’ म्हणजे वर आणि ‘द सू’ म्हणजे खाली. सगळ्या शब्दकोशात याच दोघांना असं शेजारी ठेवायचं होतं का? घशातला र मी सकाळी गुळण्या करताना शिकले, ह्यांनी बाथरूमच्या बाहेरून दोनदा विचारलं बरं वाटतंय ना. तिसऱ्या महिन्यानंतर वहीत देवनागरी उच्चार लिहिणं बंद केलं. इथे लिहिलेत ते वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी, त्यांच्यावर विसंबू नका. पक्षी या शब्दात पाचही स्वराक्षरं आहेत आणि म्हणायचं ‘वाझो’. अशा भाषेत कानच खरा.

रोजच्या वापरात टिकलेल्या गोष्टी दोनच. एक अँकी, उजळणीच्या पत्त्यांचं अ‍ॅप, अँड्रॉइडवर फुकट. ज्या पत्त्यावर चुकाल तो लवकर परत येतो, जो येतो तो लांब जातो. सुटा शब्द घालू नका, वाक्य घाला. आणि रोज दहा नवे पत्ते घालायचा उत्साह करू नका. मे महिन्यात नवतपा, घरचा कूलर बंद पडलेला, त्यात अमरावतीला लग्न. नऊ दिवस उघडलं नाही तर ६४० पत्ते वाट बघत होते. तेव्हा सोडणारच होते. आता रोज सहा नवे, त्याच्या वर नाही. दुसरी गोष्ट तेच आरएफआयचं बातमीपत्र. आधी नुसतं ऐकायचं, मग सोबतचा मजकूर बघत, मग पुन्हा नुसतं. खापरी येईपर्यंत तीन वेळा होतं. सहाव्या महिन्यात एक अख्खी बातमी समजली. कुठल्याशा संपाची होती, फ्रान्समध्ये संपांची वानवा नाही. टीव्हीसँकमोंद (TV5MONDE) या फ्रेंच वाहिनीच्या साइटवरचे पातळीनुसार सराव फुकट आणि बरे आहेत, पण मला रोज जमले नाहीत.

जुलैत पुण्याला जाऊन डेल्फ या फ्रेंचच्या सरकारी परीक्षेची ए-टू, म्हणजे खालून दुसरी पातळी दिली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० हवेत आणि कशातही ५ च्या खाली जायचं नाही. मला ६४ मिळाले. वाचनात २१, बोलण्यात साडेदहा. त्या साडेदहामागे सगळी गोष्ट आहे. तयारीचं बोलणं छान झालं, नागपूरच्या उन्हाळ्यावर बोलले, संत्र्यावर बोलले. मग समोरच्या बाईंनी हसून विचारलं, “ए आप्रे?” आणि मग? एवढंच. माझ्याकडे ‘आणि मग’ नव्हतं. गच्चीवर फोनच्या रेकॉर्डरशी बोललेलं फ्रेंच कोणी मधेच काही विचारलं की कोसळतं. एकट्यानं शिकण्यात हे भोक राहतंच, चिठ्ठ्या आणि पत्त्यांनी ते बुजत नाही. आता आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर बोलायला कोणी मिळेल का ते शोधतेय.

वाया गेलेला क्लास, परीक्षेची फी आणि पुण्याचं तिकीट सोडलं तर एक पैसा लागला नाही. ज्यांना कॅनडात स्थायिक व्हायला फ्रेंच करायचंय त्यांनी माझ्या मागे येऊ नका. तिथे डेल्फ नाही, टीईएफ किंवा टीसीएफची कॅनडावाली परीक्षा लागते, आणि तिथे माझ्याएवढ्या बोलण्यानं काही हाती लागत नाही. ज्यांची मुलं फ्रेंच सोडून संस्कृतकडे गेलीत त्यांना मात्र पुस्तकं रद्दीत टाकू नका म्हणेन, आणि मुलांना टेबलावरून उठू देऊ नका.

गेल्या आठवड्यात बी-वन, म्हणजे पुढच्या पातळीचं पुस्तक उघडलं. पहिल्याच धड्याला पुस्तकानं इशारा दिलाय की क्रियापदाचं हे रूप परदेशी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं छळतं: इच्छा, शंका, भीती यांच्यानंतर येणारं वेगळं रूप. ज व्ह क त्यू व्हियेन. वहीत उजवीकडे लिहायला गेले: तू यावंस असं मला वाटतं. यावंस. जावं, करावं, पाऊस थांबावा. मुलीला हाक मारली, तर ती म्हणाली विध्यर्थ, सातवीला होता, एवढ्यासाठी उठवलं का?