सोळा बाय दोन एलसीडी की ०.९६ इंची ओलेड: मराठीत दाखवायचं असेल तर

तासगाव-कवठेमहांकाळकडच्या बेदाणा शेडात तापमान आणि ओलावा दाखवणारी डबी बसवायची असो, नाहीतर विहिरीवरच्या मोटरीचा टायमर करायचा असो; बोर्ड आणि सेन्सर पटकन ठरतात. घोडं अडतं ते डिस्प्लेपाशी. पाठीला आयटूसी (दोन वायरींवर माहिती नेणारी जोडणी) मॉड्यूल असलेला सोळा बाय दोनचा, म्हणजे सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी घ्यायचा, की ०.९६ इंची ओलेड, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो तो पडदा? दोन्हींना चारच वायरी लागतात आणि भावातही फारसं अंतर नाही, म्हणून त्यावर शब्द घालवत नाही.

पहिल्या नजरेत एलसीडी मोठा वाटतो, आणि आहेच. ओलेडची उजळणारी काच जेमतेम २२ बाय ११ मिलिमीटर. पण एलसीडीचं अक्षर ठरलेल्या चौकटीतच बसतं, साधारण पाच मिलिमीटर उंच. ओलेडवर तापमानाचा आकडा ४० पिक्सेल उंच काढला की तो जवळपास सात मिलिमीटर होतो. चार हातांवरून वाचायचे ते आकडेच, तेव्हा इथे ओलेड मागे पडत नाही.

व्होल्टेजचं मात्र बघावं लागतं. आर्डुइनो ऊनो बोर्ड वापरत असाल तर एलसीडी ५ व्होल्टवर बिनबोभाट चालतो. ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ बोर्ड असेल तर गोची होते: एलसीडीला ३.३ व्होल्ट दिले तर कॉन्ट्रास्ट पुरत नाही आणि निळ्या पडद्यावर नुसता उजेड दिसतो. ५ व्होल्ट दिले तर मॉड्यूलवरचे पुल-अप रेझिस्टर (वायरीला वरच्या व्होल्टला धरून ठेवणारे) तेच ५ व्होल्ट ईएसपीच्या पिनांवर आणतात, आणि त्या पिना ५ व्होल्टसाठी नाहीत. मधे लेव्हल शिफ्टर (५ आणि ३.३ व्होल्टचे सिग्नल जुळवणारी छोटी पट्टी) घालणं हाच सरळ मार्ग. ओलेड ३.३ वर थेट चालतो. शिवाय एलसीडीचा कॉन्ट्रास्ट हवामानाप्रमाणे सरकतो. सकाळी नीट लावलेला पडदा एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली गडद चौकोन दाखवायला लागतो, मग मागचा निळा प्रीसेट (कॉन्ट्रास्टचा स्क्रू) स्क्रू-ड्रायव्हरने फिरवत बसा.

एवढंही चालवून घेता आलं असतं. माझा निकाल लागला तो शिरोरेषेवर.

एलसीडी चालवणाऱ्या एचडी४४७८० या कंट्रोलरमध्ये स्वतःची अक्षरं ठेवायला आठच जागा आहेत, ० ते ७. प्रत्येक अक्षर पाच बाय आठ ठिपक्यांचं. ‘तापमान’ला ता, प, मा, न अशा चार जागा गेल्या. ‘ओलावा’ला ओ, ला, वा अशा तीन. उरली एक, मराठी आकडे विसरा. मधेच एखादी जागा बदलून नवं अक्षर भरलं, तर पडद्यावर आधीच लिहिलेलं तिथलं अक्षरही त्या क्षणी बदलतं. आणि पाच ठिपक्यांत ‘मा’ कोंबला की काना कुठला आणि ‘म’ची दांडी कुठली, ते लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं. पण खरी बोच वेगळीच. दोन चौकटींच्या मधे काचेवरच कोरी फट असते. तिथे ठिपकाच नाही, त्यामुळे कोणताही कोड लिहिला तरी शिरोरेषा जोडली जात नाही. प्रत्येक अक्षर सुटं, दात पडल्यासारखं. शेडात बेदाणा हलवणाऱ्या बायकांनी लांबून बघून ओळखायचं असेल, तर हे मला पटत नाही. टेम्परेचर-ह्युमिडिटीच्या इंग्रजी ‘टी’ आणि ‘एच’वर भागत असेल, तर हा परिच्छेद सोडून द्या.

ओलेडवर सगळे पिक्सेल एकसंध, म्हणून रेष जोडते. तरी मराठी आपोआप येत नाही. ओलेडवर लिहिणाऱ्या यू८जी२ या तयार कोडच्या लायब्ररीत देवनागरी फॉन्ट आहे, पण ती अक्षरं आली त्या क्रमाने मांडते, जोडत नाही. ‘मिरज’ लिहा, पहिली वेलांटी ‘म’च्या नंतर पडते आणि पडद्यावर ‘मरिज’ उमटतं. ‘सातारा’ बिचारा क्रम न बिघडता सुटतो. म्हणून शब्दांची चित्रं करावीत. जिम्प या चित्रं करायच्या प्रोग्राममध्ये मुक्ता किंवा नोटोसारख्या फॉन्टमध्ये ठळक शब्द टाइप करा, कडा मऊ करणारं अँटी-एलियासिंग बंद करा, चित्र एक-बिट (नुसतं काळं-पांढरं) करून एक्सबीएम फाइल, म्हणजे कोडमध्ये थेट घालता येणारं चित्र काढा. उंची २० पिक्सेलच्या खाली नेऊ नका, नाहीतर ‘आर्द्रता’मधला रफार शिरोरेषेला चिकटून गोळा होतो. ६४ बाय २० चा शब्द १६० बाइट घेतो. तो प्रोगमेममध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या फ्लॅश मेमरीत ठेवला की रॅमला धक्का लागत नाही. ० ते ९ आकडे १६ बाय २४ मध्ये केले तर सगळे मिळून ४८० बाइट. लांबून वाचायचा मोठा आकडा हवा असेल तर तेच चित्र त्या उंचीला काढायचं. शब्द दिसतोय पण दर आठ पिक्सेलचा तुकडा उलटा, आरशातला वाटतोय? मग एक्सबीएमची फाइल एडाफ्रूट लायब्ररीच्या साध्या ‘ड्रॉ-बिटमॅप’ला दिली गेली आहे. तिथे ‘ड्रॉ-एक्स-बिटमॅप’ हवं.

ऊनोवर आणखी एक खोच आहे. ओलेडचा पूर्ण बफर (पडद्याचं चित्र धरून ठेवणारी रॅममधली जागा) १०२४ बाइट, ऊनोची एकूण रॅम २०४८. उरलेली रॅम बाकीच्या कोडने खाल्ली, तर कोड बिनचूक कंपाइल होऊनही पडदा काळाच राहू शकतो. यू८जी२चा एक-पानी मोड (पडदा एका वेळी एक पट्टी रंगवणारा) घेतला तर बफर १२८ बाइटवर येतो, चित्र थोडं सावकाश उमटतं एवढंच.

आता ओलेडची बाजू पडते कुठे, तेही सांगायला हवं. तोच शब्द त्याच जागी महिनोन् महिने जळत ठेवला तर तेवढे पिक्सेल मंदावतात आणि सावली उरते. ब्राइटनेस कमी ठेवा, दर काही मिनिटांनी सगळं चित्र दोन-तीन पिक्सेल सरकवा, किंवा बटण दाबल्यावरच पडदा उजळू द्या. भर उन्हात ओलेड दिसत नाही. उघड्यावरच्या स्टार्टरच्या पेटीसाठी मी एलसीडीच सुचवेन, पण निळा नव्हे, पिवळट-हिरवा. उन्हात तो वाचता येतो. मोटरीचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) सुटला की दोन्ही पडदे बिघडू शकतात. आयटूसीची वायर वीतभरच ठेवा आणि कोडमध्ये अधूनमधून डिस्प्ले पुन्हा सुरू करण्याची ओळ घाला.

शेडात गंधकाची धुरी देत असाल तर पडदा कोणताही असो, डबी बंद हवी आणि सोल्डरच्या टाक्यांवर वॉर्निशचा हात हवा. त्या धुराने ओलसर हवेत पिना काळ्या पडतात.

ओलेड घेताना पिनांवरचं छापील बघूनच वायर लावा. काही मॉड्यूलवर आधी जीएनडी (ग्राउंड) असतो, काहींवर आधी व्हीसीसी (पॉवर), आणि दिसायला दोन्ही सारखीच. मागे आयटूसीचा पत्ता म्हणून हेक्स ७८ छापलं असेल तरी कोडमध्ये हेक्स ३सी लिहायचं. दोन रंगांचा घेतलात तर वरचे १६ पिक्सेल पिवळे आणि त्याखाली बारीक फट असते. २० पिक्सेलचा शब्द तिथे कापला जाईल, म्हणून एकरंगी पांढरा मागा.