तिसऱ्या आठवड्यातला माझा आवाज

पुण्यात मुलांच्या पोटाच्या तक्रारींवर 'गट हीलिंग डाएट' (गट म्हणजे इंग्रजीत आतडी, ती बरी करणारा आहार) देणाऱ्या एका मॅडमकडे गेलात, तर तुम्हाला बहुतेक एका आईचा व्हॉइस मेसेज ऐकवतील. "मॅडम, आज चार दिवस झाले, हिला एकदाही जुलाब नाहीत. पोट किती मऊ लागतंय! तुमचे उपकार कसे फेडू?" असं ती बाई रडत रडत बोलते. तो आवाज माझा आहे. मेसेजही खरा आहे. पुढे काय झालं ते मात्र तिथे कुणी सांगत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझी लेक सात वर्षांची. दीड-दोन वर्षं तिचं पोट टम्म फुगायचं, दिवसातून चार-पाचदा पातळ शी व्हायची आणि वजनाचा काटा काही हलायचा नाही. जंताचं औषध तीनदा देऊन झालं, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, 'आत्यासारखी बारीक चणीची आहे' हेही ऐकून झालं. शेवटी शाळेतल्या एका मैत्रिणीच्या आईने नंबर दिला. डेक्कनजवळ ऑफिस, पाटीवर 'डॉ.', भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं. मॅडमनी तासभर माझं सगळं ऐकून घेतलं. इतका वेळ तोवर कुणीच दिला नव्हता, आणि मी तिथेच विरघळले.

सहा महिन्यांच्या पॅकेजचे ४८,००० रुपये, सगळे आगाऊ. वर ९० पदार्थांची 'फूड सेन्सिटिव्हिटी' रक्ततपासणी, १३,५०० रुपये. रिपोर्टमध्ये लाल रंगात आलं ते असं: गहू, तांदूळ, तूरडाळ, दूध, शेंगदाणे, बटाटा. म्हणजे आमच्या घरात रोज जे शिजतं, नेमकं तेच. तेव्हा मला वाटलं, बघा, आपणच लेकराला विष घालत होतो. ही आयजीजी नावाची तपासणी असते. शरीराची एखाद्या पदार्थाशी ओळख आहे एवढंच ती दाखवते, म्हणून रोजचं जेवण तिच्यात लाल येणारच. युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्नाचा त्रास ओळखायला ती वापरू नका असं केव्हाच सांगून ठेवलंय. हे मला नंतर कळलं.

सगळी धान्यं बंद, डाळी बंद, दूध, साखर, बटाटा बंद. पहिल्या टप्प्यात बोकडाच्या पायांचं सूप, उकडलेला दुधी, गाजर आणि तूप. आमचं घर शाकाहारी. सासूबाईंनी एक शब्द न बोलता जुनं पातेलं वेगळं काढून दिलं. नवरा रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभा राहायचा, आणि मी ते सूप बारा तास मंद आचेवर ठेवायचे. लेक नाक दाबून प्यायची. दर महिन्याला सहा-सात हजारांच्या पावडरी आणि कॅप्सूल वेगळ्या. त्या डब्यांवर बनवणाऱ्याचं नाव नाही, खाद्यपदार्थावर लागतो तो एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना क्रमांक नाही. बिल मागितलं की "पुढच्या वेळी एकत्र देते."

तिसऱ्या आठवड्यात जुलाब थांबले. तेव्हाच तो मेसेज मी पाठवला.

इथे जरा थांबून सांगते, कारण फसायला होतं ते याच ठिकाणी. लेकीला सीलिअ‍ॅक आजार होता, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते तो. सगळ्याबरोबर गहूही बंद झाला, म्हणून तिला बरं वाटलं. सूप, पावडरी, मॅडम म्हणायच्या ते 'आतडी सील होणं' यांचा त्यात काही हात नव्हता. अशी गफलत जगात आधीही झालेली आहे. १९२४ साली सिडनी हास या अमेरिकन डॉक्टरांनी अशा मुलांना भरपूर केळी देऊन, ब्रेड-बटाटे बंद करून बरं केलं होतं. दोष सगळ्याच पिष्टमय पदार्थांचा आहे, असं त्यांना वाटलं. खरा दोष गव्हाचा, हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या सुमारास दाखवलं. हास यांच्याच विचारातून पुढे धान्यबंदीचे आहार निघाले. गहू काढायला हवा होता तिथे माझ्या लेकीचा भात, भाकरी, वरण, सगळं ताट काढून घेतलं गेलं.

दुसऱ्या महिन्यापासून ती वाळायला लागली. चिडचिड, डोकेदुखी, जिना चढताना धाप. मी फोन केला की मॅडम म्हणायच्या, "हे डाय-ऑफ आहे, वाईट जंतू मरतायत, चांगलं लक्षण आहे." बरं वाटलं तर डाएटमुळे, बिघडलं तरी डाएट लागू पडतंय म्हणून, आणि काहीच फरक नसला तर "घरात कुठेतरी चीटिंग होतंय." हा तिसरा वार सगळ्यात वाईट. मी सात वर्षांच्या मुलीचं दप्तर तपासायला लागले. एक दिवस कंपासपेटीत पट्टीखाली अर्ध बिस्कीट सापडलं. कडा दातांनी थोड्या थोड्या कुरतडलेल्या, बाकीचं कागदात नीट गुंडाळून ठेवलेलं. मी तिला ओरडले. ती रडली नाही, "परत नाही करणार" म्हणाली आणि कागद माझ्या हातात दिला. ते मी विसरू शकत नाही.

चौथ्या महिन्यात शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती चक्कर येऊन पडली. त्याच संध्याकाळी मुलांच्या गॅस्ट्रो डॉक्टरांकडे गेलो. डाएट सुरू करताना वजन १९ किलो होतं, ते १६.८ झालेलं. हिमोग्लोबिन ८.४. डॉक्टरांनी सगळा आहार विचारला आणि पेन खाली ठेवून म्हणाले, "गहू बंद करण्याआधी टीटीजी का नाही केली?" सीलिअ‍ॅक ओळखायची साधी रक्ततपासणी आहे ती, टोटल आयजीए या दुसऱ्या रक्ततपासणीसोबत करतात. आम्हाला १,८०० रुपये लागले. पण चार महिने गहू पोटात नसल्यामुळे निकाल काठावर आला. गहू बंद असताना ही तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही चकवू शकतात. मग सहा आठवडे लेकीला रोज गव्हाची पोळी द्यावी लागली, त्रास होणार हे माहीत असताना. पहिल्या दिवशी ती पोळीकडे बघून म्हणाली, "आई, ही चीटिंग नाही ना?" पुन्हा जुलाब, रात्री पोट धरून बसणं. शेवटी टीटीजी वाढलेली आली, एंडोस्कोपी झाली आणि निदान पक्कं झालं. त्या ४८,००० चं मला दुःख आहे, पण या सहा आठवड्यांचा राग जास्त आहे.

म्हणून ज्यांच्या मुलांना असा त्रास आहे त्यांना हात जोडून सांगते, कुणाच्याही सांगण्यावरून गहू बंद करायच्या आधी ही तपासणी करून घ्या. वजन, उंची दर महिन्याला कागदावर लिहा. पाटीवर 'डॉ.' असेल तर नोंदणी क्रमांक मागा. एमबीबीएस डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधता येतं. आमच्या मॅडमचं नव्हतं. भिंतीवरची प्रमाणपत्रं ऑनलाइन 'हेल्थ कोच' कोर्सची होती, पहिल्या दिवशी जवळ जाऊन बघितलं असतं तर मला ते तेव्हाच वाचता आलं असतं.

आता घरात गहू, रवा, मैदा, शेवया, सातू येत नाहीत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा, सगळ्या डाळी चालतात. ज्वारी गिरणीत गव्हामागून दळली तर त्यात गहू येतो, म्हणून घरघंटी घेतली. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरंही वाचते. बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, हे एका आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं तेव्हा मी उडालेच. पाच महिन्यांत वजन तीन किलोंनी वाढलंय. वरणभात तूप घालून दोनदा मागते.

पैसे परत मागितल्यावर मॅडमनी आधी "तुम्ही डाएट मध्येच सोडलंत" म्हटलं, मग वीस हजार देऊ केले, पण कुठेही काही लिहिणार नाही अशी सही करायची अट घातली. मी सही केली नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि आता पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नसते. बिलं नाहीत, पण यूपीआयच्या नोंदी आणि 'डाय-ऑफ'चे सगळे मेसेज आहेत, ते तारखांसकट छापून जोडलेत. माझा व्हॉइस मेसेज काढून टाका असं दोनदा लिहून कळवलं. त्यांनी मला ब्लॉक केलं. मागच्याच आठवड्यात वारज्यातल्या एका आईला तो ऐकवला गेला. तिने तारीख विचारली, तेव्हा विषय बदलला म्हणे.