हरिद्राखंड: नावात हळद, चमच्यात साखर

दादरच्या आयुर्वेदिक दुकानात ‘अंगावर पित्त उठतं’ म्हटलं की काउंटरवर बहुधा हरिद्राखंडाची, म्हणजे हळद-साखरेच्या औषधी चूर्णाची, बाटली येते. भैषज्यरत्नावली या आयुर्वेदिक ग्रंथातल्या पाठात (कृतीत) 8 पल (जुनं वजनी माप) हळदीला 50 पल साखर आहे, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी लांबच राहावं. पाठात निशोत्तर ही रेचक वनस्पतीही आहे. मात्रा वाढवली की पोट सुटतं आणि लोक समजतात, पित्त पडतंय! नेहमीची मात्रा 3 ते 6 ग्रॅम, दिवसातून दोनदा, कोमट पाण्याबरोबर किंवा दुधातून.

चांगला माल रवाळ असतो, तुपाचा मंद वास येतो, गोडीमागून मिरी-पिंपळीचा चटका लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात ओला चमचा गेला की गोळा होतो, म्हणून छोटं पॅकच घ्यावं.

गांध्या सहा आठवड्यांहून जास्त उठत असतील तर नुसत्या बाटलीवर विसंबू नये. चालू असलेली सेटिरिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी) परस्पर बंद केली की गांध्या उसळतात आणि खापर चूर्णावर फुटतं. जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर थेट हॉस्पिटल. नुसती खाज असेल तर आमसूल कोळून लावावं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि स्वस्तही पडतं.