मॅजिकमधील रंगांचे नियम: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ नियमितपणे खेळत आहे. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला आणि १९९३ साली बाजारात आलेला हा खेळ नियमांच्या पसाऱ्यासाठी ओळखला जातो. मात्र त्याचे रंगांचे नियम एवढे पक्के आहेत की, ते नीट समजले की अनपेक्षित प्रसंगांची उत्तरेही आपोआप मिळू लागतात.

पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा असे पाच रंग आहेत. कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातील माना कॉस्टमध्ये (कार्ड खेळण्यासाठी द्यावी लागणारी, माना नावाच्या ऊर्जेतील किंमत) ज्या रंगांची चिन्हे असतील, तेच त्या कार्डाचे रंग. चौकटीचा रंग केवळ चटकन ओळख पटावी म्हणून असतो. रंगीत चिन्ह नसेल तर कार्ड रंगहीन, आणि म्हणूनच निळा माना देणारे ‘आयलंड’ हे जमिनीचे कार्डसुद्धा रंगहीन असते. ज्या मोजक्या रंगीत कार्डांना माना कॉस्टच नसते, त्यांच्यासाठी प्रकाराच्या ओळीत रंगीत ठिपका छापतात. ‘अँसेस्ट्रल व्हिजन’ निळे ठरते ते त्या ठिपक्यामुळे.

रंग छापील चिन्हांवरून ठरतो, आपण कार्डाची किंमत कशी चुकवली यावरून नाही, हे मला या व्यवस्थेचे सर्वांत मोठे बळ वाटते. ‘डिसमेंबर’ हे कार्ड एक माना आणि चार लाइफ (खेळाडूचे जीवनगुण) देऊन, काळा माना अजिबात न वापरता खेळता येते, तरीही ते काळेच राहते. समोरच्या क्रीचरला (लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डाला) काळ्यापासून प्रोटेक्शन, म्हणजे संरक्षण, असेल तर डिसमेंबरने त्याला टार्गेट करता, म्हणजे लक्ष्य म्हणून निवडता, येत नाही. ‘किचन फिंक्स’ची हायब्रिड (दोनपैकी कोणत्याही रंगाच्या मानाने भरता येणारी) चिन्हे केवळ हिरव्या मानाने भरली, तरी कार्ड हिरवे आणि पांढरे असे दोन्ही असते.

रंगहीन हा सहावा रंग नव्हे, ही गोष्ट मात्र खेळूनच अंगवळणी पडते. समोर ‘स्टील हेलकाइट’ हा उडणारा ५/५ (ताकद पाच, सहनशक्ती पाच) रंगहीन क्रीचर उभा आहे आणि हातात ‘डूम ब्लेड’ व ‘अल्टिमेट प्राइस’ अशी एकाच किमतीची दोन काळी कार्डे आहेत, असे समजा. डूम ब्लेड काळा नसलेला क्रीचर नष्ट करते, म्हणून ते चालते. अल्टिमेट प्राइसला नेमका एकच रंग असलेला क्रीचर लागतो, म्हणून ते येथे निरुपयोगी ठरते. डेक (खेळण्यासाठी निवडलेला कार्डांचा संच) बांधताना या दोन कार्डांमध्ये निवड करायची असेल, तर समोरचे खेळाडू रंगहीन क्रीचर किती वापरतात, हे आधी पाहावे.

प्रोटेक्शनची मर्यादाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या रंगाच्या कार्डांकडून होणारे नुकसान, टार्गेट होणे, ब्लॉक होणे (अडवले जाणे) आणि त्या रंगाची कार्डे जोडली जाणे, एवढेच ते रोखते. ‘रॅथ ऑफ गॉड’ कोणालाही टार्गेट न करता सर्व क्रीचर नष्ट करते, त्यामुळे पांढऱ्यापासून प्रोटेक्शन असलेला क्रीचरही त्यातून वाचत नाही.

शंभर कार्डांच्या कमांडर प्रकारात, म्हणजे कमांडर नावाच्या एका प्रमुख कार्डाभोवती डेक बांधण्याच्या पद्धतीत, डेकमध्ये कोणते रंग चालतील हे कमांडरवरून ठरवणारा कलर आयडेंटिटी हा वेगळा नियम येतो आणि खरी गुंतागुंत तेथे सुरू होते. त्यात माना कॉस्टसोबत मजकुरातील चिन्हेही मोजतात. ‘केन्रिथ, द रिटर्न्ड किंग’ हे कार्ड पांढरे आहे, पण त्याच्या क्षमतांच्या किमतीत पाचही रंगांची चिन्हे असल्यामुळे त्याच्या डेकमध्ये सर्व रंग चालतात. कंसातील स्पष्टीकरणात्मक मजकूर मात्र मोजत नाहीत, म्हणून ‘क्रिप्ट घास्ट’ निव्वळ काळ्या डेकमध्येही बसते.

माझी तक्रार आहे ती ‘डिव्हॉइड’बद्दल. २०१५ सालच्या ‘बॅटल फॉर झेंडिकार’ या कार्डसंचात आलेल्या या क्षमतेमुळे रंगीत चिन्हे असलेले कार्ड खेळात रंगहीन ठरते, पण कलर आयडेंटिटीसाठी ती चिन्हे मोजलीच जातात. परिणामी कोझिलेकसारख्या रंगहीन एल्ड्राझी (खेळातील राक्षसी प्राण्यांचा एक वंश) कमांडरच्या डेकमध्ये त्याच्याच वंशातील डिव्हॉइड एल्ड्राझी घेता येत नाहीत. नियमाच्या भाषेत हे सुसंगत असले, तरी कोझिलेकभोवती डेक बांधण्याची हौस असलेल्या खेळाडूला ते खटकते, आणि एवढी एक सवलत कमांडरच्या नियमांत असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.