ब्रॉडवेचे आयत्या वेळचे तिकीट: लाल पायऱ्यांखालची खिडकी आणि तिच्या मर्यादा

टाइम्स स्क्वेअरमधील लाल पायऱ्यांखालच्या खिडकीवर ब्रॉडवेची, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांतल्या प्रयोगांची, तिकिटे निम्म्या दरात मिळतात, असे न्यूयॉर्कला निघालेल्या बहुतेकांच्या कानावर आलेले असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या खिडकीवर एखादे चांगले म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचाचे नाटक, जवळजवळ नेहमीच मिळते. मनात धरलेले नेमके तेच म्युझिकल मिळेल याची मात्र शाश्वती नसते. आयत्या वेळी तिकीट काढायला गेलेल्यांची बरीचशी निराशा हा फरक आधी ध्यानात न घेतल्यामुळे होते, म्हणून या सेवेचे मोल ठरवतानाही तो धरूनच चालावे लागेल.

‘टीकेटीएस’ या नावाचे हे केंद्र ब्रॉडवे आणि ४७व्या रस्त्याजवळ, फादर डफी चौकात आहे. ‘थिएटर डेव्हलपमेंट फंड’ या ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या संस्थेने ते १९७३ साली सुरू केले. जिच्या छपराचाच लाल काचेचा जिना झाला आहे अशी आजची वास्तू २००८ सालची आहे. (त्या जिन्यावर छायाचित्रे काढणाऱ्यांचा तिकिटांशी काही संबंध नसतो, त्यामुळे लांबून गर्दी पाहून परत फिरू नये.) नाट्यगृहे आपली न खपलेली तिकिटे त्या-त्या दिवशी येथे पाठवतात आणि ती साधारण २० ते ५० टक्के सवलतीने विकली जातात. प्रत्येक तिकिटामागे सेवाशुल्क द्यावे लागते. ते संस्थेच्या कामासाठी जात असल्याने मला तरी ते खटकले नाही.

खिडकीपेक्षाही नीट पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथला फलक. प्रयोगाचे नाव, वेळ, सवलतीची टक्केवारी आणि किंमत एवढीच माहिती त्यावर असते, पण तो दिवसभर बदलत राहतो. दुपारी नसलेले नाव संध्याकाळी अचानक उगवते, आणि रांगेत आपल्या पुढे चार माणसे उरली असताना डोळ्यांदेखत एखादे नाव नाहीसे होते. नाट्यगृहे तिकिटे एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडतात, हे त्याचे कारण. म्हणून खिडकी उघडण्याआधीच रांगेत उभे राहण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पूर्णपणे पटत नाही. लवकर येणाऱ्याला निवडीला जास्त वाव मिळतो हे खरे, परंतु पडदा वर जाण्याच्या तासभर आधी येणाऱ्याला रांग लहान मिळते आणि कधीकधी शेवटच्या क्षणी सोडलेल्या उत्तम जागाही मिळून जातात. फलकावरची यादी संस्थेच्या संकेतस्थळावरही दिसते, त्यामुळे ती पाहून मगच निघणे शहाणपणाचे. रांगेतून फिरणारे कर्मचारी प्रयोगांची जी माहिती देतात, ती मात्र कोणत्याही संकेतस्थळापेक्षा सरस असते. मुलांना कोणता प्रयोग झेपेल, इंग्रजी संवाद भराभर कळत नसतील तर कोणता निवडावा, अशा प्रश्नांना ते कंटाळत नाहीत.

खिडकीशी पोहोचल्यावर आसनांचा नकाशा समोर ठेवून जागा निवडण्याची सोय नसते. त्या घटकेला असलेल्यांतली चांगली जागा काढून दिली जाते. दोघांना शेजारी बसायला सहसा अडचण येत नाही, पण चौघांना फुटून बसण्याची तयारी ठेवावी लागते. ‘अंशतः दृश्य’ (म्हणजे जिथून रंगमंचाचा काही भाग दिसत नाही) असा शेरा असलेल्या तिकिटाबद्दल पैसे देण्यापूर्वी स्पष्ट विचारावे, कारण एकदा घेतलेले तिकीट परत होत नाही. एकदा येथून खरेदी केली की पुढील सात दिवसांत ते तिकीट दाखवून रांग टाळता येते. आठवडाभर मुक्काम असणाऱ्यांना ही सवलत फारच उपयोगी पडते, आणि तरीही पुष्कळ लोक पहिले तिकीट प्रयोगानंतर टाकून देतात.

आता अडचणीची बाजू. जे प्रयोग रोज भरतात, त्यांना तिकिटे स्वस्तात विकण्याची गरजच नसते. ‘द लायन किंग’ १९९७ पासून, ‘विकेड’ २००३ पासून आणि ‘हॅमिल्टन’ २०१५ पासून ब्रॉडवेवर आहे. अशा नावांच्या भरवशावर, विशेषतः सुट्ट्यांच्या दिवसांत, या खिडकीकडे जाऊ नये. शिवाय मागणी वाढली की मूळ दरही वाढवले जातात, त्यामुळे गाजणाऱ्या प्रयोगाचे आयत्या वेळचे तिकीट आगाऊ काढलेल्या तिकिटापेक्षा महाग पडू शकते. उशीर केला म्हणजे स्वस्त पडेल, हा हिशेब फक्त रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्यांना लागू होतो.

तेच म्युझिकल हवे असेल, तर माझ्या मते सरळ त्या नाट्यगृहाच्या स्वतःच्या तिकीटखिडकीवर जावे. हा मार्ग सर्वांत जुना, आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित आहे. कलाकार आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी निर्माते प्रत्येक प्रयोगाला काही जागा राखून ठेवतात. त्यांना कोणी दावेदार नसला की प्रयोगाच्या एक-दोन दिवस आधी किंवा अगदी त्याच दिवशी त्या विक्रीला येतात. या जागा बहुधा मधल्या आणि मोक्याच्या असतात, मात्र दर पूर्ण घेतला जातो. अनेक नाट्यगृहे सकाळी खिडकी उघडताच ‘रश’ म्हणून त्या दिवसाची मोजकी तिकिटे कमी दरात देतात, आणि त्यांतली काही फक्त विद्यार्थ्यांसाठी असतात. काही ठिकाणी सर्व खुर्च्या विकल्या गेल्यावरच मागच्या कठड्याशी उभे राहून पाहण्याची तिकिटे निघतात. पाय चांगले असतील तर ती जागा वाईट नाही, कारण समोर कोणाचे डोके येत नाही आणि रंगमंच सरळ दिसतो. पण म्युझिकल अडीच तासांच्या आसपास चालते, हे विसरू नये. खिडकीवर संकेतस्थळाचे सेवाशुल्कही वाचते. तिथला माणूस थोडक्यात आणि काहीसे रुक्ष बोलतो, पण कोणत्या वारी आशा आहे आणि कोणत्या वारी येऊच नये, हे विचारल्यास नेमके सांगतो.

तिसरा मार्ग सोडतीचा. ‘रेंट’ १९९६ साली ब्रॉडवेवर आले तेव्हा पहिल्या दोन रांगांची तिकिटे २० डॉलरला देण्याची प्रथा सुरू झाली. त्यासाठी तरुण मंडळी रात्रभर पदपथावर मुक्काम करू लागली आणि पुढे रांगेच्या जागी सोडत आली. ‘हॅमिल्टन’ची सोडत १० डॉलरची होती, ज्याच्या नावाचे नाटक त्याचेच चित्र १० डॉलरच्या नोटेवर असल्याने ही किंमत शोभून दिसली. आता बहुतेक सोडती मोबाइलवर होतात, एका व्यक्तीला सहसा दोनच तिकिटे मिळतात आणि नाव निघाल्यावर ठरलेल्या मुदतीत पैसे न भरल्यास हक्क जातो. नाव घालायला काही खर्च येत नाही, तेव्हा रोज घालावे. मात्र सोडतीवर विसंबून दुसरी सोय न करणे म्हणजे ती संध्याकाळ नशिबाच्या हवाली करणे होय.

वाराचा परिणाम लोक समजतात त्याहून बराच मोठा आहे. ब्रॉडवेवर एकेका नाटकाचे आठवड्याला साधारण आठ प्रयोग होतात, सोमवारी बरीच नाट्यगृहे बंद असतात, आणि बुधवारी व शनिवारी दुपारचेही प्रयोग असतात. शनिवार रात्रीच्या तुलनेत मंगळवार-बुधवारी तिकीट मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. नाताळानंतरच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत एरवी दुर्मीळ असलेली नावेही सवलतीत दिसू लागतात.

पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांबद्दल माझे मत फारसे बरे नाही. शोधयंत्रात पहिल्यांदा तीच दिसतात, त्यांची रचना अधिकृत विक्रेत्यासारखी भासते, आणि अशाच एका संकेतस्थळावर मला जे तिकीट अखेरचे म्हणून चढ्या दराने दाखवले जात होते, त्याच प्रयोगाची तिकिटे नाट्यगृहाच्या खिडकीवर मूळ किमतीला शिल्लक होती. म्हणून प्रयोगाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन तिथूनच अधिकृत विक्रेत्याकडे वळावे. टाइम्स स्क्वेअरच्या पदपथावर गळ्यात ओळखपत्रासारखे काही अडकवून ‘ब्रॉडवे तिकीट’ म्हणून हाका मारणाऱ्यांशी तर बोलणेच वाढवू नये. सवलतीच्या खिडकीचा रस्ता ते हटकून चुकीचा दाखवतात, आणि ती खिडकी त्यांच्या पाठीमागेच काही पावलांवर असते.